स्लेयरचा निरोप आणि नाशिकची साठ मिनिटांची कॅसेट

३० नोव्हेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियातल्या इंगलवूडमध्ये स्लेयर या अमेरिकन थ्रॅश मेटल बँडने निरोपाचा कार्यक्रम केला. शेवटी गिटारवादक केरी किंगने अंगावरच्या साखळ्या काढून स्टेजवर ठेवल्या. गायक आणि बेसवादक टॉम अराया बराच वेळ नुसता लोकांकडे बघत उभा राहिला. नाशिकमध्ये मोबाइलवर ते बघताना कुणाचे डोळे का भरून आले, हे कळायला कॅसेटच्या काळात जावं लागतं.

'रेन इन ब्लड' हा स्लेयरचा १९८६ चा अल्बम जेमतेम २९ मिनिटांचा. साठच्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची, त्यामुळे अख्खा अल्बम एका बाजूवर बसतो. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलेला कुणीतरी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून मेटलची एखादी कॅसेट आणायचा, आणि तिच्यावरून बाकीच्यांच्या भरल्या जायच्या. कॉपीवरून कॉपी झाली की खरखर वाढते. डेकचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, जरा तिरकं असलं तर आधी ड्रमच्या पितळी थाळ्या, म्हणजे सिंबल, मरतात, म्हणजे ड्रमर डेव्ह लोंबार्डोचं अर्धं काम ऐकूच येत नाही. मग स्पिरिटच्या कापसाने हेड पुसायचं आणि शेजारचा स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवत सिंबल मोकळे ऐकू येईपर्यंत जुळवायचं.

गिटार शिकणाऱ्यांची पंचाईत याहून मोठी. या अल्बमवर सहाही तारा अर्ध्या सुराने उतरवलेल्या आहेत. नेहमीच्या ट्यूनिंगवर रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, जुळत नाही, आणि डेक जलद फिरत असेल तर उतरवूनही जुळत नाही. अशा वेळी ट्यूनर बाजूला ठेवून कॅसेटमधल्या मोकळ्या जाड तारेलाच आपली तार लावायची. नऊचा, म्हणजे बारीक तारांचा सेट उतरवला की सैल पडून फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांवर, खडखडतो, थोड्या जाड तारांचा दहाचा घ्यावा. इतकं करून जो बँड हातात बसतो, तो घरचाच होऊन जातो.

बँडमधली खरी फूट मात्र २०१९ च्या निरोपाआधीच पडली होती. वर्षानुवर्षं मान झटकल्यामुळे २०१० मध्ये अरायाच्या मानेवर शस्त्रक्रिया करावी लागली. तासभर एकाच लयीत टिपरू चालवणाऱ्या नाशिक ढोलवाल्याला शरीर कुठे थकतं ते सांगावं लागत नाही. २०११ मध्ये दुसरा गिटारवादक जेफ हॅनमनच्या हाताला मांस सडवणारा संसर्ग झाला आणि त्याच्या जागी गॅरी होल्ट वाजवू लागला. ऑक्टोबर २०१२ ला बँड बेंगळुरूला आला, नाशिकहून हजार किलोमीटरच्या पुढे, तेव्हाही हॅनमन नव्हताच, पण लोंबार्डो होता. चारच महिन्यांत तोही पैशांच्या वाटणीच्या वादात बाहेर पडला. २ मे २०१३ ला हॅनमन गेला. कॅसेटवरचे ते चौघे तिथेच संपले, २०१९ चा निरोप हा दुसरा घाव.

२०२४ मध्ये किंग, अराया, होल्ट आणि ड्रमर पॉल बोस्टाफ मोजक्या कार्यक्रमांसाठी पुन्हा उभे राहिले. त्याचा आनंद खराच आहे, पण लोंबार्डो त्यात नाही.

जुनी कॅसेट कपाटात असेल तर थेट प्ले दाबू नये. आधी पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे फिरवावी, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. आतली स्पंजची गादी गळली असेल तर आवाज कापडाआडून आल्यासारखा येतो. दुसऱ्या कॅसेटमधली काढून तिथे बसवावी, आणि वाजली की त्याच फेरीत कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावी.