ॲरेची बेरीज व छपाई : असेंब्लीतील दोषशोधन

ॲरेमधल्या (म्हणजे ओळीने साठवलेल्या यादीतल्या) संख्या मिळवून उत्तर पडद्यावर दाखवणाऱ्या असेंब्ली (प्रोसेसरच्या सूचना थेट लिहिण्याची भाषा) प्रोग्रॅममधील चुका शोधून काढण्याची प्रक्रिया. इंटेलने १९७८ साली आणलेल्या ८०८६ या १६ बिटी प्रोसेसरवर हा प्रोग्रॅम आजही शिकवतात. नाशिकमध्ये पदविकेच्या मुलामुलींची असेंब्लीशी खरी झटापट इथूनच सुरू होते.

चूक बेरजेत आहे की छपाईत, हे सर्वांत आधी ठरवावे. दोन्ही एकदम तपासायला गेले की तासच्या तास वाया जातात. समजा, पिंपळगाव बसवंतच्या बाजारात पाच शेतकऱ्यांनी टोमॅटोचे ६०, ७५, ४५, ८० आणि ३५ क्रेट आणले. एकूण २९५. हे आकडे डीबी या निर्देशाने एकेक बाइट म्हणून मांडले आणि बेरीज एएल या एका बाइटच्या रजिस्टरात (प्रोसेसरमधल्या साठवणीच्या जागेत) केली, तर पडद्यावर उमटते इंग्रजी अक्षर ‘डब्ल्यू’! एका बाइटमध्ये २५५ पर्यंतच मावते. २९५ मधून २५६ गळून ३९ उरतात. त्यात आकड्याचे अक्षर करण्यासाठी ४८ मिळवले की ८७, म्हणजेच डब्ल्यूचा आस्की संकेतांक (अक्षरांना ठरवून दिलेला क्रमांक). एका अक्षरामागे दोन चुका दडलेल्या असतात.

डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या डीबग या दोषशोधक साधनात ‘टी’ ही आज्ञा देत एकेक सूचना चालवली की पहिली चूक हाती लागते. १८० मध्ये ८० मिळवताच एएलमध्ये ४ दिसतो आणि फ्लॅगच्या (प्रोसेसरच्या स्थितीदर्शक खुणांच्या) ओळीत एनसीचे (हातचा नाही) सीवाय (हातचा आला) होते. हा हातचा. तो एएच या शेजारच्या रजिस्टरात घ्यावा, किंवा ॲरे डीडब्ल्यूने (दर संख्येला दोन बाइट) मांडून बेरीज एएक्समध्ये (एएच व एएल मिळून होणाऱ्या १६ बिटी रजिस्टरात) करावी. मात्र मग ॲरेतली जागा दाखवणारे एसआय हे रजिस्टर दर वेळी दोनने वाढवायला हवे. उलट, ॲरे डीबीचाच ठेवून वाचन एएक्समध्ये केले, तर ६० आणि ७५ एकत्र होऊन १९,२६० हाती येतात. इंट २१एच या डॉसची सेवा मागणाऱ्या सूचनेपाशी मात्र ‘टी’ऐवजी ती सूचना एका दमात पार पाडणारी ‘पी’ आज्ञा द्यावी, नाहीतर आपण डॉसच्या पोटात शिरतो.

दुसरी चूक छपाईची. इंट २१एचचे दुसऱ्या क्रमांकाचे फंक्शन डीएल या रजिस्टरातले एकच अक्षर छापते. म्हणून २९५ ला पुन्हा पुन्हा १० ने भागून बाकी स्टॅकवर (शेवटी ठेवलेले आधी बाहेर देणाऱ्या साठ्यावर) ठेवतात : ५, ९, २. काढताना क्रम आपोआप सुलटा होतो. इथे हमखास विसरले जाते ते प्रत्येक भागाकाराआधी डीएक्स शून्य करणे (या रजिस्टरात भाज्याचा वरचा भाग असतो आणि भागाकारानंतर बाकीही इथेच येते). त्यात आधीची बाकी ५ राहिली, तर पुढचा भागाकार २९ ऐवजी ३,२७,७०९ चा होतो. उत्तर ३२,७७० येते आणि लूप भरकटतो.

पदवीच्या प्रॅक्टिकलला ६४ बिटी लिनक्सवर काम करताना वेगळाच सापळा असतो. लूपची मोजणी आरसीएक्स या रजिस्टरात असते आणि छपाईसाठी सिस्कॉल (ऑपरेटिंग सिस्टिमकडे सेवेची मागणी) केला की प्रोसेसर परतीचा पत्ता त्याच रजिस्टरात लिहितो. म्हणून मोजणी सिस्कॉलआधी स्टॅकवर ठेवून नंतर परत घ्यावी लागते.