पादचिकित्सक, विशेषज्ञ (ब्रिटिश राष्ट्रीय आरोग्य सेवा)

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, मधुमेही पाऊल, संधिवात, रक्तवाहिन्यांचे विकार अशा एखाद्या अवघड शाखेत प्रावीण्य मिळवून स्वतःच्या जबाबदारीवर पावलांचे विकार तपासणारा आणि त्यांवर उपचार करणारा व्यावसायिक. तो वैद्यकीय पदवीधर नसतो. पादचिकित्सेची स्वतंत्र पदवी घेतल्यावर ‘हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल’ या नियामक मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय ‘पोडियाट्रिस्ट’ ही उपाधी कायद्याने वापरता येत नाही. २००४ पासूनच्या ‘अजेंडा फॉर चेंज’ वेतनरचनेत नवा पदवीधर सामान्यतः पाचव्या श्रेणीत येतो, तर विशेषज्ञ त्याहून वरच्या सहाव्या किंवा सातव्या श्रेणीत असतो. २०१३ मध्ये झालेल्या कायदेबदलानंतर आवश्यक प्रशिक्षण घेतलेल्या पादचिकित्सकाला डॉक्टरांच्या सहीवाचून औषधेही लिहून देता येतात.

नखे कापणे आणि कुरुपे काढणे एवढेच हे काम, अशी समजूत ब्रिटनमध्येही आढळते. प्रत्यक्षात निव्वळ नखे कापण्यासाठी आलेल्या, अन्यथा निरोगी पायांच्या माणसाला ही सेवा बहुतेक ठिकाणी मिळत नाही. उपलब्ध मनुष्यबळ पाहता हे धोरण समजण्यासारखे असले, तरी वाकता न येणाऱ्या वृद्धांवर ते कठोरच ठरते.

कामाचा मोठा भाग मधुमेहाने व्यापलेला असतो. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेमुळे तळव्याची संवेदना जाते, पायाकडचा रक्तपुरवठाही अनेकदा कमी होतो, आणि बुटात शिरलेला खडा दिवसभर टोचला तरी रुग्णाला त्याचा पत्ता लागत नाही. दाबाच्या जागी घट्टा धरतो, त्याखाली व्रण होतो, व्रणातून जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोचतो आणि अखेरीस विच्छेदनाची वेळ येऊ शकते. ही साखळी मध्येच तोडणे हे विशेषज्ञाचे मुख्य काम होय. त्यासाठी तो १० ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूने संवेदना तपासतो, ध्वनिलहरींवर चालणाऱ्या डॉप्लर यंत्राने नाडीचा प्रवाह ऐकतो, घट्टा व मृत ऊती पात्याने तासून काढतो आणि पाऊल कमी, मध्यम की अधिक धोक्याचे हे ठरवतो. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेनुसार व्रण किंवा तत्सम सक्रिय विकार आढळलेल्या रुग्णाला एका कामाच्या दिवसात योग्य पथकाकडे पाठवावे लागते. पाय किंवा जीव धोक्यात असेल तर तत्काळ रुग्णालयात धाडावे लागते. या पथकात मधुमेहतज्ज्ञ आणि रक्तवाहिन्यांचे शल्यविशारदही असतात, पण रुग्णाची गाठ सर्वाधिक वेळा पडते ती पादचिकित्सकाशीच.

मलमपट्टी कितीही उत्तम केली तरी व्रणावरचा भार हटवल्याखेरीज तळव्याची जखम भरत नाही. तळव्याला व नडगीला घट्ट बसणारा पूर्णस्पर्शी प्लास्टर हा त्यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय मानला जातो. त्याचा विकास बऱ्याच अंशी भारतातील कुष्ठरोगाच्या कामातून झाला. वेल्लोरला काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी बधिर पायांच्या व्रणांचे मूळ वारंवार पडणाऱ्या दाबात असल्याचे दाखवून दिले, आणि पुढे अमेरिकेत हीच पद्धत मधुमेही रुग्णांसाठी रुजवली. रुग्णाला मात्र हे प्लास्टर जड आणि गैरसोयीचे वाटते. दुखतच नाही तर आठवडेच्या आठवडे ते का वागवायचे, हे पटवून देण्यात विशेषज्ञाचा बराच वेळ जातो.

शार्को पाऊल या विकारात निदान चुकण्याची शक्यता विशेष असते. बधिर पाऊल लाल, गरम होऊन सुजते, हाडे आतल्या आत मोडत असतात, तरी वेदना फारशी नसल्याने मुरगळणे, गाऊट (युरिक आम्लामुळे होणारी सांध्याची सूज) किंवा जंतुसंसर्ग समजून दिवस जातात. सावळ्या त्वचेवर लाली ठळक उमटत नसल्यामुळे दक्षिण आशियाई किंवा आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत केवळ रंगावर विसंबता येत नाही. त्वचेच्या तापमापकाने दोन्ही पावलांच्या उष्णतेतील फरक पाहावा लागतो, आणि शंका असेपर्यंत त्या पायावर भार देऊ दिला जात नाही.