पपईच्या एका खड्ड्यात किती रोपं लावावीत?

पपईच्या रोपाचं मूळ, पान किंवा बियाण्याचा रंग पाहून ते नर की मादी, हे कळत नाही. लागवडीनंतर चार-पाच महिन्यांनी फुलं आली, की मगच उलगडा होतो. नराचा फुलोरा लांब, लोंबता. त्यावर बारीक फुलांचे घोस. मादीचं फूल खोडालगत पानाच्या बेचक्यात येतं, तळाशी फुगीर असतं. उभयलिंगी फूल लांबट, त्यात पुंकेसर आणि बीजांडकोश दोन्ही असतात.

हा सगळा फरक गुणसूत्रांच्या एकाच जोडीतल्या एका तुकड्यामुळे पडतो. पपईला गुणसूत्रांच्या ९ जोड्या असतात. मादीत एक्स-एक्स, नरात एक्स-वाय आणि उभयलिंगी झाडात एक्ससोबत वायचाच एक बदललेला प्रकार, वाय-एच. या वाय-एचचा लिंग ठरवणारा भाग डीएनएच्या सुमारे ८१ लाख अक्षरांचा, तर एक्सवरचा जोडीदार भाग सुमारे ३५ लाखांचा. एवढा मोठा असूनही वायने गर्भाला आवश्यक असलेलं काहीतरी गमावलं आहे. म्हणून एकही एक्स न मिळालेला गर्भ जगत नाही. वाय आणि वाय-एच यांच्यात मात्र फारच थोडा फरक आहे. ते सुमारे ४,००० वर्षांपूर्वी, म्हणजे मध्य अमेरिकेत माणूस पपई लावू लागल्यानंतर वेगळे झाले, असा अंदाज आहे.

बागेचं गणित इथूनच निघतं. उभयलिंगी झाडाच्या फुलाचं स्वपरागीभवन झालं, तर दोन्हीकडून वाय-एच मिळालेले, म्हणजे एकूण गर्भांपैकी चौथाई गर्भ मरतात. उरलेल्यांत दोन उभयलिंगी, एक मादी. खड्ड्यात एकच रोप लावलं तर ते हव्या त्या उभयलिंगीऐवजी मादी निघण्याची शक्यता तिनात एक. तीन लावली तर तिन्ही मादी निघण्याची शक्यता २७ मध्ये १. नर-मादी वेगळी असलेल्या वाणात प्रमाण निम्मं-निम्मं. तिथे तीन रोपांत तिन्ही नर निघण्याची शक्यता ८ मध्ये १, चार लावली तर १६ मध्ये १. फुलं दिसताच नको ती रोपं जमिनीलगत कापा. उपटली तर शेजारच्याची मुळं दुखावतात. नर-मादी वेगळी असलेल्या बागेत दर दहा मादी झाडांमागे एक नर ठेवा, नाहीतर फळधारणा होत नाही.

बियाणं घरी धरताना चूक होते ती उघड्या फुलापासून. आसपासच्या नराचा पराग आला, की रोपांत नर मिसळतात. उभयलिंगी झाडाची कळी उमलण्याआधीच कागदी पिशवीने झाका. ‘तैवान ७८६’सारख्या संकरित वाणाच्या फळातलं बी तर पुढच्या पिढीत फळाचा आकारही टिकवत नाही.

आणखी एक अडचण आहे. उभयलिंगी फूल हवामानाला फार संवेदनशील असतं. कडक उन्हाळ्यात, पाण्याचा ताण पडला की बीजांडकोश खुरटतो आणि खोडावर फळाविना मोकळी जागा राहते; थंडीत पुंकेसर बीजांडकोशाला चिकटून फळ वेडंवाकडं होतं. मादी फूल यातलं काहीच करत नाही, पण तिचं फळ गोलसर, आतली पोकळी मोठी आणि गर पातळ. बाजाराला लांबट, जाड गराचं फळ हवं असतं, म्हणून ही कटकट सोसूनही उभयलिंगी झाडंच राखली जातात.