चादर कमरेला नाही, खुब्याला: पेल्व्हिस फ्रॅक्चरची पार्श्वभूमी

"कमरेचं हाड मोडलं" असं आपण सरसकट म्हणतो, पण बऱ्याचदा मोडलेला असतो तो खुबा. पेल्व्हिस वेगळं, ते दोन बाजूची हाडं आणि मागचं त्रिकास्थी (पाठीच्या कण्याच्या तळाचं हाड) मिळून झालेलं कडं आहे, त्यामुळे एका जागी तुटलं की बहुतेक वेळा दुसरीकडेही तुटलेलं किंवा उसवलेलं असतं. हे फ्रान्सचे सर्जन मालगेन यांनी 1847 मध्येच लिहून ठेवलंय, एकाच बाजूला पुढेमागे तुटून अर्धं पेल्व्हिस वर सरकतं ते फ्रॅक्चर, आणि तेव्हा एक्स-रे नव्हता बरं का, तो आला 1895 ला!

उपचार मात्र कितीतरी वर्षं एकच, कॅनव्हासची झोळी कॉटच्या वरच्या दांड्याला टांगायची, पेशंटची कंबर त्यात, पायाला वजन, आणि आठवडेच्या आठवडे पडून राहायचं. 1948 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डचे सर्जन होल्ड्सवर्थ यांनी आपल्या 50 पेशंटचा हिशोब मांडला, तर मागचा, त्रिकास्थीजवळचा सांधा निखळलेल्यांचं दुखणं नंतरही मागे राहिलेलं आणि जड काम बऱ्याच जणांना जमत नव्हतं. म्हणजे पडून राहणं पुरेसं नव्हतंच. खुब्याच्या वाटीचं, म्हणजे पेल्व्हिसमधल्या ज्या खोबणीत मांडीचं हाड बसतं तिचं, गणित 1964 मध्ये पॅरिसचे सर्जन ज्यूडे आणि लतूर्नेल यांनी सोडवलं, तिच्या फ्रॅक्चरचे दहा प्रकार पाडले, कुठल्या बाजूनं उघडायचं ते ठरवलं, प्लेटा-स्क्रूंची आजची सर्जरी त्यावरच उभी आहे.

पण माणूस दगावतो तो हाडामुळे नाही, रक्तामुळे. गाडीची धडक किंवा उंचावरून पडणं, यात कडं उघडतं, आतल्या शिरा फाटतात आणि लिटरभर कशाला, चार-चार लिटर रक्त बाहेर एक थेंब न दिसता पोटामागे साठू शकतं. म्हणून 1970 च्या दशकात कॅथेटर (बारीक नळी) घालून रक्त गळणारी धमनी बंद करणं आलं, 1991 मध्ये उघडलेलं कडं बाहेरून दाबून धरणारा गान्झचा क्लॅम्प आला, आणि मग एवढं सगळं झाल्यावर डॉक्टर लोक साध्या चादरीकडे आले (मला हे फार आवडतं). चादर घडी करून खालून सरकवायची, दोघांनी ओढून पीळ द्यायचा, पीळ सुटू नये म्हणून चिमटे लावायचे. आजचा तयार बाइंडर (पेल्व्हिस आवळायचा पट्टा) म्हणजे तेच, फक्त वेल्क्रोवाला. तो बांधायचा खुब्याशी, मांडीच्या वरच्या बाहेरच्या उंचवट्यांवर, पण घाईत हमखास कमरेवर जातो आणि मग कडं हवं तसं मिटत नाही.

पुरुषांत लघवीच्या वाटेवर रक्त दिसलं तर नळी जबरदस्तीनं घालायची नाही, मूत्रमार्ग फाटलेला असू शकतो. म्हाताऱ्या माणसांचं प्रकरण वेगळं, हाडं ठिसूळ, बाथरूममध्ये नुसतं घसरलं तरी पेल्व्हिसचं पुढचं हाड तडकतं, त्याला सहसा सर्जरी लागत नाही, पेनकिलर देऊन वॉकर धरून लवकर उभं करतात, कारण पडून राहिलं तर पायात गुठळ्या होतात.