द्विशस्त्र लढत

द्विशस्त्र लढत : फँटसी रोल-प्लेइंग गेममध्ये (काल्पनिक जगातील पात्राची भूमिका घेऊन, फासे टाकून खेळायच्या खेळात) पात्राने दोन्ही हातांत एकेक शस्त्र घेऊन लढणे व त्यासंबंधीचे नियम. खेळाडूंच्या बोलण्यात ‘टू-वेपन फायटिंग’ किंवा ‘ड्युअल वील्डिंग’. ढालीचा किंवा दोन्ही हातांनी पेलायच्या मोठ्या शस्त्राचा लाभ सोडून पात्र एक जादा वार मिळवते. त्या वाराचे मोल कशात वसूल करायचे, हा या नियमांचा गाभा असून पुढील विवेचन मुख्यतः ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या आवृत्त्यांना धरून आहे.

१९७४ च्या मूळ पुस्तिकांत याविषयी स्वतंत्र नियम नव्हता. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ मालिकेतील १९७९ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये तो सविस्तर येतो. दुसरे शस्त्र खंजीर किंवा हातकुऱ्हाडच असावे लागे. वार लागतो की नाही हे वीस बाजूंच्या फाशाने ठरे; मुख्य हाताच्या फाशातून २ आणि दुसऱ्या हाताच्या फाशातून ४ वजा होत. पात्राचा चापल्य हा गुणांक १५ पेक्षा जास्त असल्यास वजावट घटे, पण शून्याच्या वर जाऊन तिचा बोनस होत नसे. १८ चापल्याच्या पात्राला अनुक्रमे ० आणि उणे १ एवढी वजावट उरे. सोळाव्या शतकातील युरोपीय तलवारबाजीत रेपियरच्या (लांब, निमुळत्या तलवारीच्या) जोडीला खंजीर घेत, त्याच्याशी हे बंधन जुळते. मात्र तेथे डाव्या हातातील खंजिराचे मुख्य काम प्रतिस्पर्ध्याचा वार अडवणे हे होते. खेळाने त्याचा दुसरा वार केला आणि पुढचे बहुतेक प्रश्न तेथूनच उद्भवले.

रेंजर (रानात वावरणारा योद्धा) या वर्गाशी, म्हणजे पात्राच्या पेशाशी, ही लढत कशी जोडली गेली, हा वादाचा विषय आहे. १९७५ मध्ये प्रथम छापल्या गेलेल्या रेंजरमध्ये तिचा मागमूस नाही. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र हलके चिलखत घातलेल्या रेंजरला दोन शस्त्रे विनावजावट वापरण्याची मुभा मिळाली. इतरांपैकी योद्धे व रोग (rogue, चोरट्या चालीची पात्रे) या वर्गगटांनाच दोन शस्त्रे वापरता येत आणि त्यांना वजावट सोसावी लागे. प्रचलित समजुतीनुसार ही मुभा आर. ए. साल्वाटोर यांच्या कादंबऱ्यांतील, दोन सिमिटार (वक्र तलवारी) वापरणाऱ्या ड्रिझ्झ्ट या ड्राव (कृष्णवर्णी एल्फ वंशाच्या) नायकामुळे आली. त्याचे पहिले दर्शन १९८८ चे, म्हणजे नियमपुस्तकाच्या जेमतेम वर्षभर आधीचे. एवढ्या कमी अवधीत त्याचा प्रभाव नियमांपर्यंत पोहोचणे अशक्य नसले, तरी ते गृहीत धरता येत नाही. दुसरा पक्ष ‘अनअर्थ्ड आर्केना’ (१९८५) या पूरक नियमपुस्तकाकडे बोट दाखवतो : एका हाताने सहज पेलतील अशी दोन शस्त्रे विनावजावट वापरण्याची सवलत तेथे ड्राव पात्रांना आधीच होती. म्हणजे ड्रिझ्झ्टचे कौशल्य त्याच्या वंशातून येते, वर्गातून नव्हे. कालक्रम पाहता हा दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. त्याने ड्रिझ्झ्टची शैली उलगडते. रेंजरला मिळालेली मुभा मात्र त्याने पुरती उलगडत नाही.

तिसऱ्या आवृत्तीने (२०००) मूळ वजावट उणे ६ आणि उणे १० इतकी जबर ठेवली. दुसऱ्या हातातील हलके शस्त्र आणि दोन स्वतंत्र फीट (feat, पात्राने निवडायची खास कौशल्ये) यांच्या जोरावर ती दोन्ही हातांना उणे २ पर्यंत खाली येई. त्या फीटपैकी ‘अँबिडेक्स्टेरिटी’ २००३ च्या सुधारित ३.५ आवृत्तीत ‘टू-वेपन फायटिंग’मध्येच विलीन झाली, आणि रेंजरला धनुर्विद्या की दोन शस्त्रे असा पर्याय मिळाला. दुसऱ्या हाताच्या वाराच्या नुकसानीत ताकदीचा बोनस निम्माच धरत. दोन्ही हातांनी पेललेल्या शस्त्राला तो दीडपट मिळे. याचा परिणाम आकड्यांत स्पष्ट होतो. ताकदीचा बोनस ४ असलेल्या पात्राला नेम लागण्यासाठी फाशावर ११ किंवा अधिक हवेत असे धरू. दोन आखूड तलवारींचे सरासरी नुकसान ७.५ आणि ५.५, एकूण १३. दोन्ही हातांनी पेलायच्या ग्रेटसोर्ड या मोठ्या तलवारीचेही १३ च. पण पहिल्याला वजावटीमुळे नेमाची शक्यता ४० टक्के आणि दुसऱ्याला ५० टक्के, म्हणून प्रत्यक्ष अपेक्षित नुकसान अनुक्रमे ५.२ आणि ६.५ (क्रिटिकल, म्हणजे जादा नुकसान करणारे अचूक वार सोडून). त्यातून दोन्ही वार करायचे तर पूर्ण फेरी खर्ची पडे आणि पात्राला फारसे हलता येत नसे. नुकसान कमी करणारी कातडी असलेला शत्रू तर प्रत्येक वारातून आपला वाटा वेगळा कापून घेई.

रोगचे गणित वेगळे. स्नीक अटॅकचे (बेसावध शत्रूवरील घाताचे) जादा फासे नेम लागलेल्या प्रत्येक वाराच्या नुकसानीत मिळतात. वरच्याच उदाहरणात सहा बाजूंचे दोन फासे वाढवले, तर एका आखूड तलवारीचे अपेक्षित नुकसान ७.२५ आणि दोन तलवारींचे १०.८ होते. ३.५ आवृत्तीत दोन शस्त्रे रोगच्या हातीच अधिक शोभली, असे म्हणायला हरकत नाही.

चौथ्या आवृत्तीत (२००८) दोन शस्त्रांमुळे आपोआप जादा वार मिळत नसे. तो ‘ट्विन स्ट्राइक’सारख्या विशिष्ट शक्तींतून येई. पाचव्या आवृत्तीने (२०१४) फाशावरची वजावट काढून टाकली. हलक्या शस्त्राने हल्ला केल्यावर बोनस अ‍ॅक्शन (आपल्या पाळीत एकदाच करता येणारी जादा कृती) खर्चून दुसऱ्या हातातील हलक्या शस्त्राने वार करता येतो. त्यासाठीची फायटिंग स्टाइल (पात्राने निवडलेली खास लढण्याची शैली) नसेल तर त्याच्या नुकसानीत क्षमतेचा बोनस मिळवत नाहीत. येथे तोल पात्राच्या प्रगतीच्या पातळीनुसार ढळतो. ही स्टाइल घेतलेल्या फायटरची, क्षमतेचा बोनस ३ असताना, पहिल्या पातळीवर सर्व वार लागल्यास सरासरी १३ होते, तर ग्रेटसोर्डची १०. पाचव्या पातळीवर मुख्य हल्ले दोन होतात; बोनस ४ धरला तर २२.५ विरुद्ध २२. अकराव्या पातळीवर मुख्य हल्ले तीन होतात, दुसऱ्या हाताचा वार मात्र एकच राहतो; बोनस ५ धरून ३४ विरुद्ध ३६. (ग्रेटसोर्डधारीची स्वतःची स्टाइल यात धरलेली नाही.) २०२४ च्या सुधारणेत खंजीर, सिमिटार, विळा व हलका हातोडा यांना ‘निक’ हा गुण मिळाला. तो वापरता येणाऱ्या पात्राचा जादा वार मूळ हल्ल्यातच सामावतो आणि बोनस अ‍ॅक्शन मोकळी राहते.

‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या एका रोल-प्लेइंग गेमची पहिली आवृत्ती (२००९) बव्हंशी ३.५ चीच वाट चालते. दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) दोन शस्त्रे धरल्याने जादा वार मिळत नाही. ‘डबल स्लाइस’सारख्या फीट त्यासाठी घ्याव्या लागतात.