पातीएवढी फट: जुन्या स्पोर्ट्स कारच्या टिकटिकीमागचा इतिहास

गेल्या हिवाळ्यात न्यू जर्सीहून भाच्याने चाळीस सेकंदांचं एक रेकॉर्डिंग पाठवलं. त्याने तिथे 1991 सालची माझदा मियाटा घेतली आहे. दोन सीटची, कापडी छताची, लाल. रेकॉर्डिंगमध्ये थंड इंजिन चालू होतं आणि लगेच शिलाई मशीनसारखी टिक-टिक-टिक ऐकू येते. खाली एवढंच लिहिलेलं: ‘मामा, टॅपेट वाजतायत. सेट करून घेऊ का?’

हा शब्द त्याने आमच्याच घरातून उचललाय. इंजिनात हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी दारं म्हणजे व्हॉल्व्ह, त्यांना दाबून उघडणारा फिरता उंचवटा म्हणजे कॅम, आणि दोघांच्या मधला दुवा म्हणजे टॅपेट. आमच्याकडे पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली, आणि तिचे टॅपेट सेट करण्याचा कार्यक्रम दर काही महिन्यांनी अंगणात व्हायचा. पण त्याच्या मियाटात टॅपेट सेट करायला स्क्रूच नाही. स्क्रू का नाही, आणि तो नसताना टिकटिक कसली, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं. ती टिकटिक दोष आहे की नाही, हेसुद्धा इंजिन कोणत्या काळातल्या विचाराने बनलंय त्यावर ठरतं.

मूळ अडचण साधी आहे. इंजिन तापलं की धातू फुगतो. व्हॉल्व्हची दांडी लांबते, हेड (सिलिंडरवर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला भाग) वाढतं, सिलिंडर वाढतो, पण सगळं सारख्या प्रमाणात वाढत नाही. कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली जोडणी थंड असताना गच्च बसवली, तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटणार नाही. व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः त्याच्या सीटमधून, म्हणजे मिटताना तो ज्या कडेवर टेकतो तिथून, हेडमध्ये उतरते. तो नीट टेकलाच नाही तर कडेने जळायला लागतो. म्हणून मध्ये मुद्दाम फट ठेवायची. ही फट दर फेऱ्याला भरून निघताना धातूवर धातू आपटतो. टॅपेटचा आवाज म्हणजे तोच.

पद्मिनीचं व्हॉल्व्ह कव्हर उघडलं की आमचे मिस्त्री फीलर गेजमधली, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांच्या जुडग्यातली, हवी ती पाती काढायचे आणि रॉकरखाली, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीखाली, सरकवायचे. नट ढिला, स्क्रू थोडा आत, नट पुन्हा घट्ट. घट्ट करताना स्क्रू हमखास जरासा फिरतो, म्हणून परत पाती घालून बघायची. पाती कशी निघाली पाहिजे, तर जाड वहीत दाबून ठेवलेला कागद ओढावा तशी, किंचित अडत. सुळकन आली तर फट जास्त, ओढावी लागली तर कमी. माझ्या हातात पाती देऊन त्यांनी ते मला करून दाखवलं होतं, आणि दहा-बारा वर्षांच्या पोराला मिलिमीटरचा दहावा भाग बोटांना कळू शकतो याचं मला फार अप्रूप वाटलं होतं. टॅपेट थोडा वाजलेला चालेल, अगदी गप्प झालेला चालणार नाही, हे ते दर वेळी बजावायचे. ते शंभर टक्के खरं होतं. फट संपली की आवाज थांबतो आणि मग व्हॉल्व्ह जळतो.

ही टिकटिक लोकांना पहिल्यापासून सलत होती. चार्ल्स नाइट हा शिकागोत दुग्धव्यवसायाचं नियतकालिक चालवणारा माणूस. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्याने नॉक्स कंपनीची मोटार घेतली आणि तिच्या व्हॉल्व्हच्या खडखडाटाला तो इतका विटला, की त्याने व्हॉल्व्हच काढून टाकायचं ठरवलं. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये वर-खाली सरकणाऱ्या नळ्या बसवायच्या, नळ्यांना खाचा पाडायच्या आणि खाचा जुळतील तेव्हा हवा आत, धूर बाहेर. आपटायला काही उरलंच नाही. 1908 मध्ये इंग्लंडच्या डेमलर कंपनीने ही रचना स्वीकारली, पुढे बेल्जियमची मिनर्व्हा, फ्रान्सची पानार आणि आणखी काहींनी. शांततेची किंमत तेलात मोजावी लागे. नळ्यांना सतत तेल हवं असायचं आणि या गाड्यांमागे निळसर धूर दिसायचा. तरीही आवाजावर चिडून कुणी अख्खं इंजिन नव्याने मांडलं आणि ते वर्षानुवर्षं विकलं गेलं, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

फट ठेवायची नाही आणि व्हॉल्व्हही जाळायचा नाही, याचं टिकाऊ उत्तर तेलातून आलं. 1930 मध्ये कॅडिलॅकने सोळा सिलिंडरची गाडी आणली, तिच्यात व्हॉल्व्हची फट तेलाच्या दाबाने आपोआप भरून काढणारी यंत्रणा होती. कल्पना अशी: टॅपेटच्या आत छोटा पिस्टन, त्याच्याखाली स्प्रिंग आणि तेल आत सोडणारी पण बाहेर न जाऊ देणारी एक गोळी. फट पडली की स्प्रिंग पिस्टन वर ढकलते, मागची जागा तेलाने भरते. कॅमने दाबलं की गोळी वाट बंद करते आणि तेल जवळजवळ दाबलं जात नसल्यामुळे सगळं एकसंध लोखंडासारखं वागतं. धातू तापून वाढला तर थोडं तेल झिरपून जातं. फट कायम शून्य. याला हायड्रॉलिक लिफ्टर म्हणतात. अमेरिकेतल्या मोठ्या, संथ इंजिनांत तो लवकर रुळला.

स्पोर्ट्स कारवाल्यांनी मात्र तो बराच काळ लांब ठेवला. त्याला कारण होतं. हायड्रॉलिक लिफ्टर जड असतो, आणि इंजिन फार वर फिरवलं की व्हॉल्व्ह क्षणभर कॅमवरून सुटतो. बिचाऱ्या लिफ्टरला वाटतं फट पडली. तो फुगतो आणि व्हॉल्व्ह उघडाच धरून बसतो. शर्यतीच्या इंजिनात हे चालण्यासारखं नव्हतं.

जॅग्वारची गोष्ट इथे सांगायलाच हवी. दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात बॉम्बची आग विझवायला रात्रपाळीने पहारा द्यावा लागे. त्या रात्रींत विल्यम लायन्स, विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली यांच्या गप्पांतून युद्धानंतरच्या इंजिनाचा आराखडा तयार होत गेला. मधल्या एका प्रयोगात बीएमडब्ल्यू 328 सारखी आडव्या पुशरॉडची, म्हणजे कॅमचा धक्का पुढे नेणाऱ्या दांड्यांची, रचना करून पाहिली होती. ती सोडून देण्यामागे व्हॉल्व्हच्या यंत्रणेचा आवाज हे एक मोठं कारण होतं. शेवटी दोन कॅमशाफ्ट, म्हणजे कॅमचे दांडे, हेडवर आले, कॅम थेट बादलीसारख्या टॅपेटवर आणि बादलीखाली चकती, म्हणजे शिम. 1948 च्या लंडन मोटर शोमध्ये एक्सके 120 मधून 3,442 सीसीचं हे इंजिन जगासमोर आलं आणि त्याच घराण्यातली इंजिनं 1992 पर्यंत बनत राहिली. फट थंड इंजिनावर इनलेटला (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला) सुमारे 0.10 आणि एक्झॉस्टला (धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला) 0.15 मिमी. ती बदलायची तर कॅम उतरवून शिम बदलायची. स्क्रू गेला आणि शिम आली, पण फट आणि तिच्याबरोबर हलकी टिकटिक राहिली. ती या इंजिनाचा स्वभावच आहे.

याच इंजिनात दुसरी एक टिकटिक आहे आणि ती अजिबात स्वभाव नाही. टॅपेट ज्या लोखंडी नळकांड्यात सरकतो ते ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये ठोकून बसवलेलं असतं. इंजिन फार तापलं की ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, पकड सुटते, नळकांडं वर चढतं आणि कॅम त्याच्यावर आपटू लागतो. गरम झाल्यावर सुरू होणारी टिकटिक जुन्या जॅग्वारमध्ये ऐकू आली, तर आधी कव्हर उघडून ही नळकांडी बघतात. ती दाबून धरणाऱ्या पट्ट्या बसवणं हा त्यावरचा रुळलेला उपाय आहे.

1963 मध्ये फ्रँकफर्टला दाखवलेली पोर्श 911 हीसुद्धा फट असलेल्या घराण्यातली. हवेने थंड होणारं सहा सिलिंडरचं इंजिन, बारा व्हॉल्व्ह, बारा स्क्रू, आणि निम्मे स्क्रू गाडीखाली आडवं पडून गाठायचे. 993 या पिढीत, म्हणजे 1993 च्या सुमारास, तिथेही हायड्रॉलिक आले. गंमत बघा, 2017 मध्ये 911 जीटी3 ला नवं चार लिटरचं, मिनिटाला 9,000 फेऱ्यांपर्यंत जाणारं इंजिन दिलं, तेव्हा पोर्शने हायड्रॉलिक पुन्हा काढून टाकले.

आता मियाटा. फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या शोमध्ये ती आली. तोशिहिको हिराई यांच्या चमूसमोरचं ध्येय होतं ‘जिन्बा इत्ताई’, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. साठच्या दशकातल्या इंग्लिश रोडस्टरची मजा हवी, पण दर रविवारी पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन बसणं नको, असा हा हिशेब होता. त्यामुळे 1.6 लिटरच्या, दोन कॅमच्या, सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनात माझदाने प्रत्येक बादलीत हायड्रॉलिक लिफ्टर घातला. मालकाने टॅपेट हा शब्द विसरून जावं यासाठी केलेली ती सोय. आणि जुन्या मियाटांची सगळ्यात प्रसिद्ध तक्रार कोणती, तर थंडीत टॅपेट वाजतात!

कारण तेच तेल. गाडी रात्रभर उभी राहिली की काही लिफ्टरमधून तेल निथळतं. सकाळी पंप दाब तयार करीपर्यंत आत हवा असते, आणि हवा दाबली जाते. तेल जुनं, कमी किंवा चुकीच्या जाडीचं असेल, बारीक वाटांत काजळी साचली असेल, तर ही हवा लवकर निघत नाही. फक्त दूध-भाजी आणायला वापरलेली गाडी जास्त वाजते आणि हायवेवर तास-दीड तास चालवलेली गप्प होते, यात म्हणूनच काही चमत्कार नाही. माझदाने पुढे लिफ्टर सुधारले. 1998 मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत हायड्रॉलिक सोडून शिमवाले साधे टॅपेट दिले. जॅग्वारने 1948 मध्ये जे केलं होतं, तिथेच माझदा पन्नास वर्षांनी फिरून आली.

तेलाचीही स्वतःची एक गोष्ट आहे, थोडक्यात सांगतो. कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासतात तिथे जस्त आणि फॉस्फरस असलेला घटक संरक्षण देतो. पण फॉस्फरस धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडवतो, म्हणून 2004 मध्ये आलेल्या ‘एसएम’ या तेलाच्या दर्जापासून पातळ तेलांत त्याची कमाल मर्यादा 0.08 टक्क्यांवर आणली. नव्या गाड्यांना फरक पडला नाही. कडक स्प्रिंगा आणि सपाट टॅपेट असलेल्या जुन्या इंजिनांच्या मालकांनी मात्र डब्याची मागची बाजू वाचायला सुरुवात केली. हल्ली जुन्या गाडीचा कॅम झिजून आवाज येऊ लागला की पहिला प्रश्न तेलाचा येतो, तो यामुळे.

हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं आणि मग आम्ही त्याची गाडी ऐकायला घेतली. कॅमशाफ्ट क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो. गाडी उभी असताना त्याचं इंजिन मिनिटाला 850 फेऱ्यांवर चालत होतं, म्हणजे कॅमचे 425 फेरे, म्हणजे एका व्हॉल्व्हची टिक सेकंदाला सातच्या आसपास. रेकॉर्डिंग हळू करून मोजलं तर सातच. याने क्रँकशी बांधलेले बरेचसे आवाज बाजूला पडले. पण एक तोतया उरतो, कारण त्याचीही लय तीच: एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे हेडमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांची, गळती. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा धूर सोडतो, आणि गॅस्केट (सांध्यातली सीलबंद करणारी पट्टी) फुटलेलं असेल तर तिथून बरोबर टॅपेटसारखी टिक येते. तीही थंडीत मोठी आणि तापल्यावर, धातू फुगून फट मिटली की, गायब. म्हणजे लक्षणं हुबेहूब लिफ्टरची. कितीतरी लोकांनी लिफ्टर बदलून गॅस्केट तसंच ठेवलेलं असेल.

ते ओळखायला काळी काजळी शोधायची. मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यावर धुराची रेघ दिसते. थंड इंजिन चालू करून सायलेन्सरच्या तोंडाशी जाड फडकं क्षणभर धरलं तर गळती फुसफुसून स्वतःच सांगते. भाच्याच्या गाडीत ना रेघ होती, ना फुसफुस. मग लांब स्क्रूड्रायव्हर, टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडाला, बेल्ट आणि पंख्यापासून बाह्या सांभाळून. इंजेक्टर टिकटिकतात, ते त्यांचं कामच आहे. पेट्रोलच्या वाफा ओढणारा छोटा व्हॉल्व्हही टिकटिकतो, त्याला चिमटीत धरलं की बोटांना ठोके कळतात. खालून, क्रँकच्या बाजूने जड ठक-ठक आली असती आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर वाढली असती, तर मी त्याला तिथल्या तिथे इंजिन बंद करायला लावलं असतं, कारण तो बेअरिंगचा आवाज. त्याच्या गाडीतला ऑइल प्रेशरचा काटा खरा दाब दाखवतो, 1995 पासूनच्या मियाटांत तो नुसता स्विचला जोडलेला असतो. काटा व्यवस्थित होता. आवाज वरून, एक्झॉस्टच्या बाजूने, मागच्या टोकाकडून येत होता.

आधी तेल आणि फिल्टर बदलून तीनशे मैल चालवायला सांगितलं. सोळा लिफ्टर विकत घेण्याआधी एवढं तरी करावंच. आवाज निम्म्याहून कमी झाला, पण सकाळची ती एक टिक हट्टाने राहिली. तेव्हा त्याने व्हॉल्व्ह कव्हर उघडलं आणि फोन तिथेच टेकवून ठेवला. कॅमचा उंचवटा वर असेल अशा स्थितीत इंजिन हाताने फिरवून एकेक बादली लाकडी काडीने दाबत गेला. पंधरा बादल्या दगडासारख्या. शेवटच्या सिलिंडरवरची एक्झॉस्टची एक मात्र मऊ, काडीखाली स्पंजसारखी दबणारी. पुढच्या शनिवारी टायमिंग बेल्ट आणि कॅम उतरवून त्याने ती बाहेर काढली, साफ केली, वाटीभर स्वच्छ तेलात बुडवली आणि आतली गोळी बारीक तारेने दाबून पिस्टन खाली-वर केला. वाटीत बुडबुडे आले. बराच वेळ येत राहिले.