न खाल्लेल्या घासाचे पैसे: उपवासकाळातील दानपेटीची पार्श्वभूमी

उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे राखेच्या बुधवारी, मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) आटोपून घरी परतताना कितीतरी देशांतल्या कॅथलिक कुटुंबांच्या हातात पुठ्ठ्याची एक चपटी घडी असते. घडी उलगडून कडा एकमेकींत खोचल्या, की वर फट असलेली छोटी दानपेटी उभी राहते. तिची जागा जेवणाच्या टेबलावर. ईस्टरपर्यंतच्या चाळीस दिवसांत जे खायचे टाळले, त्याचे पैसे तिच्यात पडत राहावेत म्हणून ती तिथे डोळ्यांसमोर ठेवतात. पेटी गेल्या काही दशकांतली आहे, पण तिच्यामागचा हिशेब फार जुना आहे.

डोंगरावरील प्रवचनात येशूने दानधर्म, प्रार्थना आणि उपवास यांच्याबद्दल एकापाठोपाठ सांगितले. त्याच्याही कितीतरी आधी यशया संदेष्ट्याने बजावले होते की, देवाला आवडणारा उपवास म्हणजे भुकेल्याला आपल्यातली भाकर देणे. दुसऱ्या शतकातल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात तर रीतच घालून दिली आहे. उपवासाच्या दिवशी भाकरी आणि पाणी एवढेच घ्यावे, एरवी जे जेवला असतास त्याची किंमत काढावी आणि ती रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्यावी. मला या साऱ्या इतिहासात ही ओळ सर्वांत मोलाची वाटते. पोट आणि पैसा यांची सांगड तिने इतक्या साधेपणाने घातली आहे, की पुढच्या प्रत्येक मोहिमेला तिच्याकडेच परत यावे लागले.

दूरदेशी मदत पाठवण्याची प्रथाही तेवढीच जुनी. जेरुसलेममधल्या गरिबांसाठी येशूचा संदेश पसरवणाऱ्या पौलाने करिंथ, गलतिया, मासेदोनिया इथल्या ख्रिस्ती मंडळ्यांकडून वर्गणी गोळा केली. आपण आल्यावर धावपळ नको, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे, असे त्याने पत्रातून कळवले होते. चाळीस दिवसांच्या या उपवासकाळाचा उल्लेख ३२५ सालच्या नायसिया परिषदेच्या नियमांत येतो. पाचव्या शतकात पोप थोरले लिओ आपल्या प्रवचनांतून सांगत राहिले की, उपवास करणाऱ्याने जे सोडले ते गरिबाच्या मुखी पडले पाहिजे.

मध्ययुगात मात्र ही सांगड उलटी फिरली. उपवासकाळात मांसाबरोबर दूध, लोणी, अंडीही वर्ज्य होती. उत्तर युरोपात ऑलिव्हचे तेल सहज मिळत नसे, तेव्हा लोणी खाण्याची सूट द्या, अशी मागणी वाढली आणि पैसे घेऊन तशी परवानगीपत्रे दिली जाऊ लागली. फ्रान्समधल्या रूआं इथल्या कॅथीड्रलचा एक मनोरा आजही ‘लोण्याचा मनोरा’ म्हणून ओळखला जातो. १४८५ मध्ये सुरू झालेल्या त्या बांधकामाला अशा परवानग्यांचा पैसा लागला, असे परंपरा सांगते. मनोरा देखणा आहे. पण जिथे न खाल्ल्याचे पैसे गरिबाला जायचे, तिथे खाण्याचे पैसे दगडात गेले. १५२० मध्ये मार्टिन ल्यूथरने या लोणी-परवान्यांवर कडाडून टीका केली, ती मला रास्तच वाटते.

आजच्या मोहिमांचे मूळ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उपासमारीत आहे. १९४६ च्या अखेरीस कोलोनचे कार्डिनल योझेफ फ्रिंग्स यांनी प्रवचनात सांगितले की, जीव जगवण्यासाठी दुसरा मार्गच नसेल, तर अत्यावश्यक वस्तू घेणे क्षम्य आहे. लोक गारठत होते, रेल्वेच्या वाघिणींतून कोळसा उचलत होते. त्या उचलण्याला जर्मन भाषेत ‘फ्रिंग्सेन’ असे क्रियापदच रूढ झाले. जर्मनीला तेव्हा परदेशातून मदत येत होती. बारा वर्षांनी, १९५८ मध्ये, याच फ्रिंग्स यांनी फुल्डा इथे जमलेल्या बिशपांपुढे जगातली भूक आणि रोगराई यांच्याविरुद्ध उपवासकाळात निधी गोळा करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यातून ‘मिझेरेओर’ ही संस्था उभी राहिली. हे लॅटिन नाव मार्कच्या शुभवर्तमानातल्या येशूच्या उद्गारातले आहे: ‘मला या लोकसमुदायाचा कळवळा येतो.’ ही मदत धर्मप्रसारासाठी नसावी आणि सत्ताधाऱ्यांच्या विवेकालाही आवाहन व्हावे, या फ्रिंग्स यांच्या दोन्ही आग्रहांना माझ्या लेखी निधीइतकेच महत्त्व आहे.

इंग्लंडमध्ये १९६० साली कॅथलिक महिलांनी ‘कौटुंबिक उपवास दिन’ पाळला. घराघरांत जेवण साधे ठेवून वाचलेले पैसे कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावरच्या माता-बालक दवाखान्यासाठी पाठवले. दोन वर्षांत त्यातून ‘कॅफोड’ ही कॅथलिक मदतसंस्था निघाली. १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी सक्तीचे उपवास राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवसांवर आणले आणि एरवीच्या संयमाऐवजी परोपकाराची कामे सुचवण्याची मुभा बिशपांना दिली. सक्ती कमी झाली तशी या मोहिमांना जागा मिळाली. आयर्लंडमध्ये १९७३ मध्ये ‘ट्रोकरा’ ही अशीच मदतसंस्था स्थापन झाली आणि तिची पुठ्ठ्याची पेटी पुढे तिथल्या घराघरांत पोहोचली.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउन इथे १९७५ मध्ये आफ्रिकेतल्या साहेल भागातल्या दुष्काळग्रस्तांसाठी ‘राइस बोल’ (भाताचा वाडगा) ही मोहीम सुरू झाली. जमलेल्या रकमेचा ७५ टक्के भाग परदेशातल्या कामांना आणि २५ टक्के भाग आपल्याच धर्मप्रांतातल्या (एका बिशपच्या अखत्यारीतल्या भागातल्या) भुकेल्यांना, अशी विभागणी तिथे रूढ झाली. ब्राझीलमध्ये १९६४ पासून देशभर चालणाऱ्या बंधुत्व मोहिमेत झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, दान गोळा होते. त्यातले ६० टक्के धर्मप्रांतातच राहतात, ४० टक्के राष्ट्रीय निधीत जातात. घरचे की परके, हा वाद अशा मोहिमांत निघतोच. दोघांचा वाटा आधीच ठरवून ठेवणे हे मला त्यावरचे प्रामाणिक उत्तर वाटते.

जर्मनीत या काळाशी जोडलेली आणखी एक वस्तू परत आली. मध्ययुगात उपवासकाळभर वेदी एका भल्यामोठ्या कापडाने झाकत. त्याला ‘भुकेचे कापड’ म्हणत, कारण डोळ्यांनाही उपवास घडावा, अशी कल्पना होती. त्सिटाऊ इथले १४७२ सालचे असे कापड आठ मीटरांहून उंच आहे आणि त्यावर बायबलमधली नव्वद दृश्ये रंगवली आहेत. १९७६ मध्ये मिझेरेओरने ही प्रथा पुन्हा सुरू केली, पण चित्र काढायला सांगितले ते ज्या खंडांत मदत जाते तिथल्या कलावंतांना. पहिले कापड रंगवले भारतातल्या ज्योती साही यांनी.